राजदूताचा जीर्णोद्धार

रायपूर शहरातील चौबे कॉलनी महाराष्ट्राच्या नकाशावर शोधून सापडावयाची नाही. तरीही तेथे महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, आणि सणासुदीच्या दिवशी त्या वस्तीतून जाणाऱ्याच्या कानांवर मराठी बोल सहज पडतात. इतिहास जाणणाऱ्यास ह्याचे नवल वाटणार नाही. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास राज्य करू लागले आणि छत्तीसगडच्या मातीत मराठी माणसाचे बिऱ्हाड पडले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तरी ते बिऱ्हाड मोडले नाही. पुढे १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपुराहूनच चालत होता. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना होऊन भोपाळ ही राजधानी झाली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आले. माणसे होती तेथेच राहिली; त्यांच्या वाहनांच्या पाटीवरची अक्षरे मात्र राज्याबरोबर बदलत गेली. १९८३ साली ह्या वस्तीत कोणी मोटारसायकल विकत घेतली असेल तर ती मध्य प्रदेशची म्हणून नोंदली गेली असणार. आज तीच गाडी तेथे असेल तर ती रायपूरच्या सीजी ०४ ह्या अक्षरांकांची झाली असणार.

त्या १९८३ सालच्याच एका यंत्राची ही हकीकत आहे. जपानी क्रीडामोटार, म्हणजे केवळ वेगाच्या आनंदासाठी घडविलेली ठेंगणी, दोन आसनांची, डौलदार गाडी, आपल्याकडील सामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला त्या काळी आली नाही. आयातीचे निर्बंध आणि जकात ह्यांच्या भिंती उंच होत्या. परंतु त्याच कुळातील एक धाकटे भावंड दोन चाकांवर बसून आपल्या बाजारात आले. त्याचे नाव राजदूत ३५०. जपानी शर्यतीच्या मैदानावर वाढलेली विद्या ज्या यंत्रातून भारतीय मध्यमवर्गाच्या अंगणापर्यंत पोचली, असे ते यंत्र होते. आज त्याची दुरुस्ती करणारे, त्यात फेरफार करणारे आणि त्याला मूळ रूपात आणू पाहणारे लोक गावोगावी आहेत. ह्या लोकांपुढे एक प्रश्न नेहमी उभा राहतो, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. ह्या यंत्राचे मूळ रूप म्हणावयाचे कोणते?

उत्तर शोधावयाचे तर प्रथम जपानातील हमामात्सु गावच्या एका शाळेत गेले पाहिजे. १८८७ साली त्या प्राथमिक शाळेतील अमेरिकन बनावटीचा ऑर्गन बिघडला. आपल्या बाजाच्या पेटीचाच तो पाश्चात्त्य आप्त. गावात वैद्यकीय उपकरणे आणि घड्याळे दुरुस्त करणारा तोराकुसु यामाहा नावाचा एक कारागीर होता. त्यास बोलावण्यात आले. त्याने पेटी उघडली, बिघाड दूर केला, आणि उघडलीच आहे तर आतील रचनाही बारकाईने पाहून घेतली. थोड्याच काळात त्याने स्वतः एक ऑर्गन बनविला. तो तपासून घेण्यासाठी तोराकुसु आणि त्याचा सोबती ह्या दोघांनी तो वाद्याचा पेटारा खांद्यावरील बांबूला टांगून हाकोनेच्या घाटातून तोक्योपर्यंत वाहून नेला. तेथील संगीतज्ञांनी सांगितले की रचना ठीक आहे, पण सूर जुळलेले नाहीत. तोराकुसु तेथेच राहून स्वरशास्त्र शिकला आणि परत येऊन दुसरा ऑर्गन बनविता झाला. १८९७ साली त्याच्या कारखान्याला निप्पोन गाक्की, म्हणजे जपानी वाद्य कंपनी, असे नाव मिळाले. यामाहाच्या गाड्यांवर आजही जे चिन्ह दिसते ते तीन स्वरकाट्यांचे आहे. एका मोठ्या उद्योगाचा आरंभ दुसऱ्याच्या बिघडलेल्या यंत्राची दुरुस्ती करण्यातून झाला, ही गोष्ट पुढील सर्व हकीकतीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धात ह्या वाद्यांच्या कारखान्यास विमानांचे पंखे बनवावे लागले. युद्ध संपल्यावर ती यंत्रसामग्री रिकामी पडली. तिचा उपयोग करण्यासाठी गेनिची कावाकामी ह्या अध्यक्षांनी मोटारसायकलीचा मार्ग धरला. १९५५ साली यामाहा मोटर ही निराळी कंपनी निघाली आणि तिची पहिली गाडी वायए-१ बाहेर पडली. लोकांनी तिला ‘तांबडा चतुर’ असे लाडके नाव दिले. ही गाडी म्हणजे जर्मनीतील त्शोपाऊ येथील डीकेडब्ल्यू कारखान्याच्या १२५ सीसी गाडीचा उघडउघड कित्ता होता. जपान्यांनी ते कधी लपविलेही नाही. कित्ता गिरवावयाचा तर तो चांगल्या अक्षराचा गिरवावा, एवढे तारतम्य त्यांच्यापाशी होते.

पुढे योगायोग असा घडला की त्याच त्शोपाऊ गावात, आता पूर्व जर्मनीच्या राजवटीखाली, एमझेड ह्या नव्या नावाने चाललेल्या कारखान्यात वॉल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने द्विआघाती इंजिनाचे एक मोठे कोडे सोडविले. ह्या जातीच्या इंजिनात जळालेला वायू बाहेर जाण्याच्या वाटेवर झडप नसते. दट्ट्या खालीवर होताना सिलिंडरच्या भिंतीतील भोके उघडतो आणि झाकतो, एवढेच. त्यामुळे जळालेल्या वायूबरोबर थोडे ताजे मिश्रणही वाया जाते. काडेनने निकासाची नळी मध्ये फुगीर आणि शेवटी निमुळती केली. निकासाच्या दाबाची लाट त्या निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते आणि पळू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलून देते. ही किमया मात्र इंजिनाच्या ठराविक वेगातच साधते. त्या वेगाखाली यंत्र सुस्त असते, आणि त्या वेगास पोचताच एकाएकी उसळते. १९६१ साली एमझेडचा शर्यतपटू एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी आपल्या देशातून फुटला. त्याच सुमारास त्याच्या बायकामुलांना मोटारीत दडवून पूर्व बर्लिनमधून बाहेर काढण्यात आले होते. डेगनर सुझुकीला जाऊन मिळाला आणि पुढल्याच वर्षी ५० सीसी वर्गाचा जगज्जेता झाला. काडेनची विद्या अशा रीतीने जपानात पोचली आणि तेथील द्विआघाती गाड्यांच्या रक्तात भिनली. १९६४ साली यामाहाने २५० सीसी वर्गातील जागतिक विजेतेपद मिळविले तेही द्विआघाती यंत्रावरच.

त्याच वर्षांत यामाहाच्या कारागिरीचे एक निराळे रूप जगाने पाहिले. टोयोटा कंपनीची २००० जीटी ही जपानची पहिली खरी मानाची क्रीडामोटार १९६५ च्या तोक्यो प्रदर्शनात मांडली गेली आणि १९६७ ते १९७० ह्या काळात तयार होत राहिली. तिच्यावर नाव टोयोटाचे होते. परंतु ती बांधली यामाहाने, आणि तिच्या सहा सिलिंडरांच्या १९८८ सीसी इंजिनाला दुहेरी कॅमशाफ्टचे शीर्ष दिले तेही यामाहानेच. तिच्या पुढील फळ्यांचे लाकूडकाम वाद्ये करणाऱ्या हातांनी केले होते. अशा साडेतीनशेच्या आतबाहेर गाड्या तयार झाल्या. १९६७ च्या एका जेम्स बाँड चित्रपटासाठी त्यांपैकी दोन गाड्यांची छपरे कापून त्या उघड्या करण्यात आल्या, कारण नायक शॉन कॉनरी त्या ठेंगण्या गाडीत मावेना. गंमत अशी की, कारखान्याने कधी न विकलेली ती कापलेली गाडीच आज पुष्कळांच्या डोळ्यांपुढे २००० जीटी म्हणून उभी राहते. २०२० साली टोयोटाने ह्या मोटारीचे काही सुटे भाग पुन्हा बनविण्याचे जाहीर केले. म्हातारपणी औषधपाणी करावयास स्वतःचे घर लाभावे, असे भाग्य थोड्याच यंत्रांचे असते.

राजदूत ३५० ला ते भाग्य लाभले नाही. तिची मूळ जपानी आवृत्ती आरडी ३५० ही १९७३ साली निघाली. दोन सिलिंडर, प्रत्येकी ६४ मिलिमीटर व्यासाचा आणि ५४ मिलिमीटर धावेचा. एकूण ३४७ सीसी. शक्ती ३९ अश्वशक्तीची. मिश्रण आत घेण्याच्या वाटेवर पोलादाच्या पातळ जिभांची एक झडप होती. बाजाच्या पेटीतील रीड ज्याने उघडून पाहिले आहेत त्याला ही झडप ओळखीची वाटेल. तिचे नावही रीड व्हॉल्व्ह असेच आहे. वाद्यातील रीड आणि इंजिनातील रीड ह्यांचा वंशसंबंध जोडण्याचे कारण नाही, पण तोराकुसुने पाहिले असते तर तो हसला असता खास. पुढील चाकाला चकतीचा, म्हणजे डिस्कचा, ब्रेक होता. १९७५ नंतर जपानात ही गाडी मागे पडली आणि तिच्या जागी ४०० सीसीची नवी आवृत्ती आली.

भारतात ती अवतरली १९८३ साली. १९८० नंतरची ती वर्षे आपल्या वाहन उद्योगाच्या इतिहासात फार महत्त्वाची आहेत. १४ डिसेंबर १९८३ रोजी सुझुकीच्या सहकार्याने बनलेली पहिली मारुती मोटार गिऱ्हाइकाच्या हाती पडली. १९८४ साली इंड-सुझुकी, १९८५ साली हिरो होंडा, १९८६ साली कावासाकी बजाज, असे जपानी सहकार्य एकामागून एक येत गेले. ह्या सर्वांच्या थोडे आधी एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाशी हात मिळविला. ही कंपनी तोवर पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली १७५ सीसीची राजदूत विकत असे. ती खेड्यापाड्यांतील दूधवाल्यांची, तलाठ्यांची, ग्रामसेवकांची गाडी. दणकट, मंद आणि निमूटपणे ओझे वाहणारी. तिचेच नाव ह्या जपानी वाघाला देण्यात आले. नावावर जाऊन ज्यांनी गाडी घेतली त्यांना पहिल्याच दिवशी फरक कळून चुकला असेल.

भारतात आणताना ह्या यंत्रात बदल करण्यात आले. पुढील डिस्क काढून ड्रमचा ब्रेक बसविला. निकासाची वाट आवळून शक्ती ३९ वरून साडेतीस अश्वशक्तीवर आणली. पुढे पेट्रोलची तक्रार वाढली तेव्हा १९८५ च्या सुमारास ती आणखी आवळून २७ अश्वशक्तीची आवृत्ती काढली. पहिलीला लोक एचटी आणि दुसरीला एलटी म्हणू लागले; आजही जाणकार गाडी पाहताच पहिला प्रश्न हाच विचारतात. म्हणजे जिला आपण राजदूत ३५० म्हणतो ती जन्मतःच एक फेरफार केलेली गाडी होती, आणि तो फेरफार खुद्द कारखान्याने केलेला होता.

एवढे आवळूनही ती त्या काळच्या रस्त्यांना फार भारी होती. तेव्हाच्या बुलेटची शक्ती अठराच्या आसपास. तिच्या शेजारी ही साडेतीसची गाडी म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर सोडलेला शर्यतीचा घोडाच. आणि तिची शक्ती काडेनच्या नळीच्या न्यायाने एकदम येत असे. सुरुवातीला मवाळ, मग सुईने निम्मी तबकडी ओलांडली की हँडल हातातून ओढून घेणारी. ड्रमचा ब्रेक त्या वेगाला पुरा पडत नसे. तिच्या नावातील अक्षरांचा ‘रॅपिड डेथ’ असा भयानक विस्तार लोकांनी केला तो उगाच नव्हे. त्यातून लिटरला जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. हिरो होंडाच्या चार-आघाती गाडीने ऐंशी किलोमीटरची जाहिरात सुरू केल्यावर हिशेबी गिऱ्हाइकाने ह्या गाडीकडे पाठ फिरविली. ऐंशीचे दशक सरता सरता तिचे उत्पादन थांबले. दोष सर्वस्वी यंत्राचा होता असे म्हणवत नाही. ज्या देशात मोटारसायकल घेणारा माणूस प्रथम पेट्रोलचा खर्च विचारतो, त्या देशात ती चुकून आली होती.

ती अपयशी ठरण्यात मिस्त्रींच्या अडचणीचाही वाटा होता. गावोगावचे मिस्त्री एका सिलिंडरच्या गाड्यांवर वाढलेले. स्कूटर आणि जुनी राजदूत ह्यांचा हात बसलेला. ह्या गाडीला सिलिंडर दोन, कार्बोरेटर दोन, प्लॅटिनम पॉइंटचे संचही दोन. प्रत्येक सिलिंडरची ठिणगी दट्ट्या माथ्याला पोचण्यापूर्वी बरोबर २ मिलिमीटरवर पडावयास हवी. आणि ते मोजण्यासाठी प्लगच्या भोकात घड्याळासारखे मापयंत्र, म्हणजे डायल गेज, बसवावे लागते. नुसत्या कानाने आणि अंगठ्याच्या अंदाजाने टायमिंग लावणाऱ्या हाताला हे नवीन होते. दोन कार्बोरेटरांतील एक किंचित कोरडा चालला की त्या बाजूचा दट्ट्या तापून सिलिंडरला धरतो किंवा त्याला भोक पडते. तेलासाठी स्वतंत्र टाकी आणि पंप होता. परंतु पंपाचा भरवसा नाही म्हणून पुष्कळांनी तो बंद केला आणि जुन्या सवयीप्रमाणे पेट्रोलमध्येच तेल मिसळू लागले. ज्या पंपामुळे धूर आणि तेल दोन्ही कमी लागत, तोच प्रथम निकामी झाला.

आज हे यंत्र पुन्हा उभे करावयाचे म्हणजे काय करावे लागते, ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे पडवीत उभी राहिलेली गाडी बाहेरून जितकी खराब दिसते त्याहून आतून अधिक खराब असते. टाकीत गंज, कार्बोरेटरात पेट्रोल सुकून झालेला डिंक, निकासाच्या नळीत काजळीचा थर. नळी कॉस्टिक सोड्याने धुऊन किंवा तापवून मोकळी करता येते. मात्र तिला पडलेला पोचा नीट काढावाच लागतो, कारण ती नळी नुसते धुराडे नसून इंजिनाचाच एक भाग आहे. आतील जाळी काढून टाकली की गाडी अधिक पळते असा समज पूर्वी फार होता. प्रत्यक्षात आवाज वाढे. वेग वाढल्याचा भास होई. शेजाऱ्यांची झोप मात्र खरोखरच उडे.

खरे काम क्रँकपासून सुरू होते. ह्या इंजिनाचा क्रँक अखंड नसतो. निरनिराळे भाग दाबून एकात एक बसविलेले असतात. बेअरिंग बदलावयाचे तर ते सर्व भाग हायड्रॉलिक दाबयंत्रावर सोडवावे लागतात आणि पुन्हा बसविताना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी लचक डायल गेजवर पाहून तांब्याच्या हातोडीने ठोकून काढावी लागते. त्याच्या दोन्ही टोकांना तेलाचे सील असतात. उजवीकडील, क्लचच्या बाजूचे सील गेले की इंजिन गिअरचे तेल ओढून घेते आणि निळसर पांढऱ्या धुराचा लोट सुटतो. डावीकडील गेले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण कोरडे पडते आणि दट्ट्या धरतो. नवशिका मिस्त्री अशा वेळी वरचा दट्ट्या बदलून देतो आणि महिन्याभरात तोच रोग पुन्हा उद्भवतो. जाणता मिस्त्री आधी खाली पाहतो. सिलिंडर घासला असेल तर खराद्याकडे नेऊन पाव, अर्धा, पाऊण किंवा एक मिलिमीटरने वाढवून त्या मापाचा दट्ट्या बसविता येतो. त्यापुढे नवी बाही, म्हणजे स्लीव्ह, घालण्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्येक सिलिंडरला असे चारच जन्म दिलेले आहेत म्हणा ना. म्हणून चांगला कारागीर पहिल्याच खेपेस पूर्ण मिलिमीटर खाऊन टाकीत नाही. गाडीमालकास ही काटकसर क्वचितच दिसते, पण वीस वर्षांनी जो कोणी ते इंजिन उघडील त्याला ती दिसते.

सुटे भाग हा दुसरा प्रश्न. गाडी बंद पडल्यावर कारखान्याचा पुरवठा आटला. उरले ते जुन्या दुकानांच्या माळ्यांवर पडलेले साठे, मोडीत निघालेल्या गाड्या, आणि परदेशातील आरडी गाड्यांसाठी अद्याप बनणारे काही भाग. जे कोठेच मिळत नाही ते लेथवर घडवावे लागते. ह्या खटपटीत मिस्त्रींची एक नवी पिढी तयार झाली, आणि जी गाडी त्यांच्या वडिलांना समजली नव्हती ती त्यांना समजू लागली.

येथवर दुरुस्ती झाली. फेरफार सुरू होतो तो ब्रेकपासून. ज्याला ही गाडी खरोखर चालवावयाची आहे, नुसती पुसून ठेवावयाची नाही, त्याला पुढील ड्रम नकोसा वाटतो, आणि तो मूळ जपानी आरडीचा किंवा दुसऱ्या एखाद्या गाडीचा डिस्क ब्रेक बसवितो. मग पॉइंट काढून बिनपॉइंटची विद्युत प्रज्वलनाची जोडणी. मग सिलिंडरमधील निकासाचे भोक कानसीने किंचित वर चढवून नळीची गळचेपी दूर करणे, म्हणजे शक्ती पुन्हा पस्तीस-चाळिसाच्या घरात जाते. हे भोक चढविण्याचे काम मोठे नाजूक आहे. ते जितके वर जाईल तितकी शक्ती उंच वेगाकडे सरकते आणि गावातील संथ रहदारीत गाडी रडू लागते. आणि धातू एकदा कानसला की परत भरता येत नाही.

परंतु ह्या प्रत्येक फेरफाराकडे दोन बाजूंनी पाहता येते. डिस्क बसविली म्हणजे गाडी बदलली, की मूळपदावर आली? जपानात १९७३ साली ती डिस्कसकटच जन्मली होती. गळचेपी काढली म्हणजे तिच्यात ढवळाढवळ केली, की भारतात झालेली ढवळाढवळ निस्तरली? एक पक्ष म्हणतो, हमामात्सुच्या मंडळींनी योजिले तेच मूळ. दुसरा पक्ष म्हणतो, राजदूत ३५० ही स्वतंत्र भारतीय वस्तू आहे. तिचा ड्रम, तिची साडेतीस अश्वशक्ती, तिच्या टाकीवरील नाव, हेच तिचे मूळ. डिस्क बसविलेली राजदूत म्हणजे ना धड जपानी ना धड भारतीय. दोन्ही पक्षांची माणसे यंत्रावर सारखेच प्रेम करणारी आहेत, म्हणून हा वाद विकोपाला जात नाही. पण तो मिटतही नाही.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ‘मिलिंद प्रश्न’ ह्या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाकडे रथात बसून येतो. नागसेन त्याला विचारतो की, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे? जू म्हणजे? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि अखेर ह्या सर्वांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते एवढेच कबूल करतो. नागसेनाच्या रथाची मात्र कोणी परिवहन कार्यालयात नोंद केली नव्हती. ती केली असती तर प्रश्न इतक्या सहज सुटता ना. देवळांच्या बाबतीत आपण जीर्णोद्धार हा शब्द वापरतो आणि त्यात पुष्कळ काही सामावून घेतो. १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनी काशीस विश्वेश्वराचे देऊळ नव्याने उभारले. त्याला कोणी नवे देऊळ म्हणून दूर लोटीत नाही, कारण तेथे देवाचे सातत्य मानले जाते. यंत्राच्या बाबतीत सातत्य कशात मानावयाचे? सरकारने ह्याचे उत्तर दिले आहे, आणि ते अगदी रोखठोक आहे: सांगाड्यावरील आणि इंजिनावरील क्रमांकात, आणि कारखान्याने नोंदवून दिलेल्या वर्णनात.

९ जानेवारी २०१९ रोजी, केरळमधून आलेल्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला. कारखान्याच्या मूळ वर्णनाशी आणि नोंदणीशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक अनधिकृत बदलास पाच हजार रुपयांपर्यंतचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. हेतू रास्त आहे. रस्त्यावर दुसऱ्याचाही जीव असतो, आणि मन मानेल तशी कापलेली गाडी त्याच्या जिवावर उठू शकते. परंतु ह्या नियमाच्या काट्यावर अधिक सुरक्षित ब्रेक आणि कान फाडणारी नळी ही दोन्ही एकाच पारड्यात पडतात, एवढे खरे.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने दुर्मीळ जुन्या वाहनांसाठी, म्हणजे व्हिंटेज वाहनांसाठी, स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन, आयात केलेलेसुद्धा, ह्या वर्गात नोंदता येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीस पाच हजार, मुदत दहा वर्षे. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही दोन अक्षरे येतात; म्हणजे चौबे कॉलनीतील वाहनाच्या पाटीचा आरंभ ‘सीजी व्हीए’ असा होईल. असे वाहन रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतेच त्याने रस्त्यावर यावयाचे. आणि मुख्य अट अशी की वाहन मूळ रूपात असावे. त्याच्या सांगाड्यात, कवचात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

आता १९८३ साली नोंदलेल्या राजदूत ३५० ची पन्नास वर्षे २०३३ साली भरतील. तोवर तिला सर्वसाधारण जुन्या गाडीसारखेच दिवस काढावे लागणार. पंधरा वर्षांच्या पहिल्या मुदतीनंतर नोंदणीचे नूतनीकरण, तपासणी, धुराचा दाखला, आणि हे सर्व एका द्विआघाती यंत्राला, ज्याचा धूर हा स्वभावच आहे. त्याच धुरापायी १९९६ साली कडक नियम आले आणि तिची धाकटी बहीण आरएक्स १०० हिचेही उत्पादन बंद पडले. ह्या मधल्या काळात गाडी चालू ठेवावयाची तर इंजिन उघडावे लागणार, सिलिंडर वाढवावे लागणार, कदाचित जीव वाचविण्यासाठी डिस्कही बसवावी लागणार. आणि पन्नासाव्या वर्षी तपासणी करणारा अधिकारी विचारणार की, हे मूळ आहे काय? सिलिंडर अर्धा मिलिमीटर वाढविला ह्याला कोणी फेरफार म्हणणार नाही. ती दुरुस्तीची रीतच आहे. निकासाचे भोक कानसून चढविले असेल तर तो निःसंशय फेरफार. ह्या दोहोंमधील रेषा मात्र कोणत्याही नियमपुस्तकात मिलिमीटरने आखलेली नाही. ती आखावी लागते ती मिस्त्रीला, कानस हातात असताना.

जाणते मालक म्हणून एक काळजी घेतात. बदल करावयाचाच तर तो परत फिरविता येईल असा करावयाचा. सांगाड्याला वेल्डिंग लावावयाचे नाही, सिलिंडर कानसावयाचा नाही. काय जोडावयाचे ते बोल्टने जोडावयाचे. क्रमांक कोरलेला भाग घासून चकचकीत करू देत नाहीत, आणि रंगाऱ्याच्या हाती टाकी देण्यापूर्वी तिच्यावरील नावाच्या पट्ट्यांचे माप कागदावर उतरून घेतात. पुढील चाकाला डिस्क बसली की काढलेला ड्रम, त्याचे बूट, त्याची तार आणि त्याचा तरफदांडा फेकून न देता ग्रीस लावून, मेणकापडात गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवतात. चिठ्ठीवर गाडीचा क्रमांक आणि ड्रम काढल्याची तारीख असते.